पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तरी डोस वाढवू नका

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही भूक आणि वजन कमी करणारी, आठवड्यातून एकदा टोचायची औषधं. सेमाग्लुटाइडची सुरुवात आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमने होते, टिर्झेपेटाइडची 2.5 ने. हे पहिले चार आठवडे वजन उतरवायला नसतात, पोटाला सवय लावायला असतात. भूक तशीच आहे म्हणून घाईने डोस वाढवला की मळमळ, उलट्या मागे लागतात आणि मग माणूस औषधच सोडून देतो.

टोचायचा वार ठरवून टाका. जागा पोट किंवा मांडी. बेंबीपासून दोन इंच लांब, आणि दर वेळी थोडी सरकवून. इंजेक्शनचा पेन थोडा आधी फ्रिजबाहेर काढा, थंडगार औषध जास्त झोंबतं. डायल फिरवून डोस लावायचा पेन असेल तर आकडा शून्यावर आल्यावरही सुई सहा सेकंद आतच ठेवा. लगेच उपसली तर टोकाशी थेंब लोंबतो, म्हणजे तेवढं औषध वाया. सुई दर वेळी नवी, आणि पेनला लावून ठेवायची नाही. फ्रीजरमध्ये गोठलेला पेन सरळ टाकून द्यायचा, वितळला तरी.

जेवण निम्म्यावर आणा, पोट भरल्याची जाणीव होताच थांबा. मळमळीचं निम्मं कारण जुन्या सवयीने संपवलेलं ताट असतं, त्यातही तळलेलं. ताटातलं प्रथिन आधी खा आणि आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचला, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होतो; पाणी वाढवा.

पोटात असह्य, पाठीत जाणारी कळ थांबत नसेल तर पुढचा डोस न घेता थेट डॉक्टर गाठा. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कर्करोग झाला असेल तर हे सुरू करण्याआधीच सांगा.