जिम नवीन लावल्यावर किती सेट आणि किती रेप्स मारावेत?

तुम्ही लिहिलंय की वय 20, परभणीला राहता, पोलीस भरतीची तयारी चालू आहे आणि जिम लावून महिना झालाय. जिममधले सर 15-12-10-8 असे (दर सेटला रेप्स कमी, वजन जास्त) चार सेट मारायला लावतात, रूम पार्टनर म्हणतो 5 बाय 5 मार, म्हणजे पाच रेप्सचे पाच सेट, आणि गावाकडं आजोबा म्हणतात, पाचशे बैठका मार, जिममध्ये पैसे कशाला घालतोस. यातलं कुणाचं ऐकू, हा तुमचा प्रश्न. (रेप म्हणजे व्यायामाची एक पूर्ण हालचाल, सेट म्हणजे न थांबता सलग मारलेल्या रेप्स.)

मी नांदेडला जिममध्ये नवीन पोरांना शिकवतो. माझं उत्तर असं: पहिले चार-सहा महिने प्रत्येक व्यायामाचे 3 सेट, सेटला 8 ते 12 रेप्स, आठवड्यातून तीन दिवस, आणि प्रत्येक सेटचा आकडा वहीत लिहायचा. यात वही सगळ्यात महत्त्वाची आहे. कारण शरीर वाढतं ते त्याच्याकडून हळूहळू जास्त काम मागितल्यामुळं. मागच्या सोमवारी किती उचललं हेच आठवत नसेल, तर आज जास्त कसं मागणार? वर्षभर रोज घाम गाळूनही बेंच प्रेसला (बाकावर झोपून छातीवरून बार वर ढकलणं) त्याच 40 किलोवर अडकलेली पोरं मी बघतो. मेहनत कमी नसते त्यांची. फक्त हिशोब नसतो.

सरांचं 15-12-10-8 वाईट नाही. वजन टप्प्याटप्प्यानं वाढवत नेण्याची पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म जखमी सैनिकांकडून वजनाचे व्यायाम करून घेत. आधी ते 7 ते 10 सेट लावत, पुढं 1948 पर्यंत 3 वर आले: दहा रेप्स जेमतेम निघतील असं वजन शोधायचं, मग त्याच्या निम्म्या, पाऊण आणि पूर्ण वजनानं दहा-दहा रेप्स. पण यातून एक गोष्ट लक्षात घ्या. हलके सेट म्हणजे तयारी, खरं काम शेवटच्या जड सेटमध्ये. तुमच्या चार सेटमध्ये 15 आणि 12 वाले आरामात निघत असतील, तर ते वॉर्मअप धरा, मोजू नका.

5 बाय 5 मध्ये वजन जड आणि रेप्स कमी. ताकद त्यानं नक्की वाढते, पण महिनाभरात स्क्वॉटचा (खांद्यावर बार घेऊन बैठक) फॉर्म, म्हणजे करायची योग्य पद्धत, बसलेला नसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन भराभर वाढतं ते स्नायू मोठे झाल्यामुळं नव्हे. मेंदू आणि नसा ती हालचाल शिकत असतात, म्हणून. शिकायला सराव लागतो, आणि झेपेल अशा वजनाच्या दहा रेप्सच्या एका सेटमध्ये पाचांच्या सेटपेक्षा दुप्पट सराव होतो. स्नायूंच्या वाढीचं म्हणाल तर 6 रेप्सनीही होते आणि 25 नीही होते, सेट दमण्याच्या जवळ गेला पाहिजे एवढंच.

आजोबांना नाही म्हणू नका. आपल्याकडं तालमीनं मोठी माणसं घडवलीत. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण जिंकलं, तेही तालमीतूनच वर आले. पण पाचशे बैठकांनी दम वाढतो. ज्याला दीडशे बैठका सहज जमतात, त्याच्या मांड्यांना आणखी साडेतीनशेपेक्षा खांद्यावर बार घेतल्यानं जास्त ताकद येते. जोर-बैठका सकाळी चालू ठेवा, थोड्या.

आता प्रत्यक्ष आखणी. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रोइंग (वाकून बार पोटाकडं ओढणं), दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), शोल्डर प्रेस (बार खांद्यावरून डोक्यावर ढकलणं) आणि लॅट पुलडाउन (मशीनचा दांडा वरून छातीकडं ओढणं), असं आलटून पालटून. वेळ उरला तर बायसेप आणि पोट, दोन-दोन सेट. "आज चेस्ट, उद्या बॅक" असा सहा दिवसांचा घाट नवख्यानं घालू नये. एक स्नायू आठवड्यातून एकदा मारण्यापेक्षा कमी-कमी करून दोन-तीनदा मारलेला बरा, आणि चुकून एक दिवस बुडाला तर आठवडा वाया जात नाही.

वजन किती लावायचं? सेट संपला तेव्हा अजून दोन रेप्स निघाल्या असत्या, तिसरी निघाली नसती, एवढं. खूण सांगतो: शेवटच्या दोन रेप्सला तुम्ही जोर लावत असतानाही बार आपोआप हळू होतो. दहावी रेपही पहिलीच्या वेगानं गेली तर वजन हलकं आहे. कंबर वाकायला लागली किंवा पार्टनरला बार ओढावा लागला तर जड.

वाढवायचं असं. समजा बेंच प्रेस 30 किलोला 8, 8, 7 निघाल्या. तेच वजन ठेवून पुढच्या खेपेला 9, 8, 8. असं करत तिन्ही सेटला 12 आल्या की वजन वाढवा, रेप्स परत 8 वर येतील, पुन्हा चढा. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून एकदम 5 किलो वाढतात. स्क्वॉटला चालतं, शोल्डर प्रेसला जड जातं. तिथं 12 वर न थांबता 14-15 पर्यंत जा आणि मग वाढवा. डंबेलचं तर आणखी अवघड. साडेसातवरून दहावर जाणं म्हणजे तिसऱ्या हिश्श्यानं वाढ. साइड रेजसारख्या (डंबेल धरून हात बाजूला उचलणं) व्यायामाला 20 रेप्सपर्यंत जायला अजिबात लाजू नका.

दोन सेटमध्ये मोठ्या व्यायामाला दोन-तीन मिनिटं थांबा, छोट्याला एक-दीड. संध्याकाळी गर्दीत तिघं एकाच बेंचवर आळीपाळीनं मारत असाल तर ती विश्रांती आपोआप होते.

भरतीचं वेगळं सांगतो, कारण मुलं इथंच गोंधळतात. मैदानी चाचणीच्या 50 गुणांत 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. गोळा 7.260 किलोचा. शोल्डर प्रेस, स्क्वॉट, डेडलिफ्ट यांचा गोळ्याला आणि 100 मीटरला थेट फायदा आहे. पण 1600 ची वेळ लावून धावायचं असेल त्याच्या आदल्या दिवशी पायांचा पूर्ण व्यायाम मारू नका. मंगळवारी वेळ लावणार असाल तर सोमवारी स्क्वॉटचा एकच सेट. चाचणी महिन्यावर आली की सगळ्याच व्यायामांचे सेट 3 वरून 2 करा, वजन मात्र तेच ठेवा. ताकद टिकते आणि पाय मोकळे राहतात.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधल्या जिमला संध्याकाळी भट्टी होते, रेप्स दोन-तीननं कमी येतील. घाबरू नका, सकाळी जा, पाणी जास्त प्या. पेरणीला किंवा लग्नाला गावी जाऊन पंधरा दिवस खंड पडला तर परत आल्यावर आधीच्या वजनातून दहावा हिस्सा कमी करून सुरू करा, दोन आठवड्यांत जागेवर याल. स्नायू दुखणं चालतं. सांध्यात टोचून दुखत असेल तर तो व्यायाम त्या दिवशी बंद, आठवड्यात थांबलं नाही तर डॉक्टर.

तुमचं वजन आणि सध्याचे स्क्वॉट, बेंचचे आकडे खाली लिहा, पहिल्या महिन्याचा तक्ता करून देतो.