वाचकांचे प्रश्न : दिवा लुकलुकतोय, गाडी चालवू का?

प्रश्न : पेट्रोल गाडी चढावर झटके देते आणि तेव्हा डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. सपाट रस्त्याला लागले की तो नुसता लागून राहतो. सर्व्हिसिंग जवळ आले आहे, तोवर चालवू का?

उत्तर : नका चालवू. नुसता लागलेला दिवा एक-दोन दिवस थांबू शकतो, लुकलुकणारा नाही. मिसफायर होऊन, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाते आहे, असा त्याचा अर्थ. आत सिरॅमिकची बारीक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा लेप असतो. एरवी ती साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सियसला काम करते. पेट्रोल तिथेच पेटले की तापमान हजाराच्या वर जाते; आधी लेप निकामी होतो, मग जाळी वितळून धुराची वाट बंद होते. चढावर लोड जास्त, म्हणून हे झपाट्याने घडते. दिवा लुकलुकला की अॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०३०१ हा बिघाडाचा कोड आला तर दोष पहिल्या सिलिंडरचा, पी०३०२ आला तर दुसऱ्याचा. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोडही तिकडे सरकला तर कॉइल गेली. नाही सरकला तर प्लग अदलाबदल करून पाहा, त्यानंतर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. चालू इंजिनाची प्लगवायर उपसून बघण्याची जुनी पद्धत कृपया वापरू देऊ नका. तेवढा वेळ त्या सिलिंडरचे सगळे पेट्रोल कन्व्हर्टरमध्येच जाते. बॅटरी उतरली असतानाही ढकलस्टार्टपेक्षा जंपर केबल बरी, कारण तेच: ढकलतानाही न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते.

प्रश्न : गाडीखालून खडखड येते, पिकअपही गेला आहे. मेकॅनिक कन्व्हर्टर बदला म्हणतो.

उत्तर : आधी खात्री करा. पुष्कळदा खडखड वरच्या पत्र्याची, म्हणजे हीट शील्डची असते आणि ती एका क्लॅम्पने थांबते. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलके ठोका. आत तुकडे वाजले तर जाळी फुटली आहे. तो चोक झालाय का हे पाहायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतात. २५०० आरपीएमला ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब दिसला तर वाट अडलेली आहे. पण तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस नव्याचाही लेप झाकून टाकेल.

प्रश्न : लांबच्या प्रवासानंतर वाळक्या गवतावर गाडी लावली तर चालते का?

उत्तर : नाही. कन्व्हर्टरचे बाहेरचे कवचही गवत पेटण्याइतके तापलेले असते. मोकळ्या मातीवर किंवा सिमेंटवर लावा, कव्हरही गाडी थंड झाल्यावरच घाला.