कॅथलिक युवा रिट्रीटमध्ये कोणते खेळ ठेवावेत?

पुण्यातल्या तुमच्या पॅरिशच्या (चर्चच्या) १५ ते २० वयाच्या ४० मुलामुलींची दोन दिवसांची रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-चिंतनाचं शिबिर, आहे आणि मधल्या वेळेत काय खेळवावं, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं युवा अॅनिमेटर, म्हणजे मुलांचे कार्यक्रम घेणारा, म्हणून हेच काम करतोय.

खेळांची यादी नंतर करा. आधी फादरांकडून वेळापत्रक मागून घ्या आणि खेळ संपल्यावर लगेच काय आहे ते बघा. एकदा मी साडेपाचला रस्सीखेच ठेवली आणि सहाला आराधना (साक्रामेंतासमोरची शांत प्रार्थना) होती. मुलं चॅपलमध्ये आली ती घामाघूम, तळवे लालबुंद, आणि 'तुझा पाय रेषेपुढे होता' हे भांडण दारापर्यंत चालूच. वेदीवर साक्रामेंत, म्हणजे पवित्र भाकर, मांडला तरी मागच्या बाकांवर कुजबुज थांबेना. मला फार वाईट वाटलं, कारण वेळ मी ठरवली होती, मुलांची काहीच चूक नव्हती. आता दमवणारे खेळ मी चारच्या सुमारास, चहाआधी घेतो. पापनिवेदन किंवा आराधनेआधी तासभर तरी हार-जीत नको.

त्या वेळेला आम्ही 'अम्माऊसची वाट' चालतो. लूककृत शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात अम्माऊस गावाकडे चालत निघालेल्या दोन शिष्यांना पुनरुत्थित येशू भेटतो, तो प्रसंग वाचायचा आणि जोड्या करून आवारात फिरायचं. जाताना एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, येताना उलट. १५-१५ मिनिटं पुरतात.

पुण्यात भाषेचा प्रश्न हमखास येतो. कॅम्प भागातली बरीच मुलं आपसात इंग्रजी बोलतात, घरी कोकणी नाहीतर तमिळ. श्रीरामपूर-संगमनेरकडून आलेल्या घरांतली मराठी. अंताक्षरी लावली की दोन तट पडतात. म्हणून मी लगोरीच्या बाजूचा आहे. फरशीचे सात तुकडे आणि एक रबरी चेंडू, बास. मागच्या खेपेला सकाळपासून तोंड न उघडलेल्या एका मुलीने शेवटची ठिकरी रचली आणि 'लगोरी!' म्हणून अशी ओरडली की स्वयंपाकघरातल्या सिस्टर बाहेर आल्या. रात्री जेवताना कॅम्पातल्या मुलींनी तिच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवली होती. संगीत खुर्ची मात्र टाळा. पहिल्या पाच मिनिटांत बाद झालेली मुलं कोपऱ्यात मोबाईल काढून बसतात.

कुणी म्हणेल, रिट्रीटला खेळ कशाला? त्यांना मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या संत डॉन बॉस्कोंची आठवण करून द्या. लहानपणी ते गावातल्या लोकांना दोरीवर चालून दाखवायचे आणि मध्येच थांबून सगळ्यांना जपमाळ म्हणायला लावायचे.

सिंहगड ट्रेकचा आग्रह मुलं धरतीलच. दोन दिवसांत तो बसवू नका. अर्धा दिवस जातो आणि संध्याकाळच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) सगळे पेंगतात. शेकोटी जरूर करा, पण स्पीकर १० वाजता बंद. कायदाही तेच सांगतो. १८ वर्षांखालच्यांच्या पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि मुलींसोबत एक ताई कायम हवी.

ज्याला खेळायचं नाही, त्याला ओढू नका. त्याच्या हातात गुणांची वही द्या आणि मैदानाच्या कडेला बसू द्या. बहुतेक वेळा तिसऱ्या डावाला तो वही दुसऱ्याकडे देऊन आत येतो. नाही आला तरी त्याला कारण विचारू नका.