न्यायाधीशानं मतं मागायची का?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत पब्लिक डिफेंडर आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे खटले ती सरकारी पगारावर लढवते. वकिलीला बारा वर्षं झाली. आता सुपीरियर कोर्टाच्या, म्हणजे इथल्या जिल्हा कोर्टासारख्या काउंटीच्या कोर्टाच्या, न्यायाधीशपदाची निवडणूक लढवायची म्हणतेय. आम्ही दोघं नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलोय. माझे सासरे कोर्टात शिरस्तेदार होते, त्यामुळे न्यायाधीशानं मतं मागत फिरायचं हे ह्यांना पटतच नाही. तिचा मामा पुण्याहून पाच हजार डॉलर पाठवतो म्हणतोय. मी मंडळातल्या चार जणांकडे शब्द टाकू का?
— एक आई, सनीव्हेल

उत्तर : ताई, सगळ्यात आधी मामांना फोन करा आणि पैसे पाठवू नका म्हणून सांगा. अमेरिकेच्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी काउंटीच्यासुद्धा, परदेशी नागरिकाचा एक डॉलरही चालत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. व्हिजिटर व्हिसावर आलेले तुम्ही दोघं किंवा एच-वन व्हिसावरचा भाचा, कुणीच देऊ शकत नाही. मामांनी मुलीच्या खात्यात भरून तिनं ते आपले म्हणून वापरणं हीही पळवाट नाही, गुन्हा आहे. तुम्ही पत्रकांच्या घड्या घाला, पाकिटं चिकटवा, विनामोबदला हातभार लावायला काही हरकत नाही.

आता ह्यांच्या मनातली अढी. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश घटनेच्या कलम २३३ नुसार नेमले जातात, खालची पदं परीक्षेतून भरतात, म्हणून मत मागणारा न्यायाधीश आपल्याला हात पसरणारा वाटतो. मलाही वाटायचा. कॅलिफोर्नियात वकिलीची दहा वर्षं झाली की सुपीरियर कोर्टासाठी उभं राहता येतं. मुदत सहा वर्षांची आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. विद्यमान न्यायाधीशासमोर कुणी उभं राहिलं नाही तर त्याचं नाव मतपत्रिकेवर येतच नाही. बरेचसे न्यायाधीश तर मुदतीआधी रिकाम्या झालेल्या जागेवर गव्हर्नर नेमतात. मुलीनं तिकडेही अर्ज करून ठेवावा, दोन्ही वाटा एकदम चालू ठेवता येतात.

बे एरियातल्याच, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्याच, एका काउंटीत मी उभी राहिले होते, आणि पडले. अर्जाची फी न्यायाधीशाच्या वर्षाच्या पगाराच्या एक टक्का, म्हणजे दोन हजार डॉलरच्या वर जाते. सह्या गोळा केल्या तर ती कमी होते. माझा खरा खड्डा पडला तो मतदारांच्या पुस्तिकेत स्वतःबद्दल दोनशे शब्द छापून घेताना, कारण त्याचे पैसे बहुतेक काउंट्या उमेदवाराकडूनच घेतात आणि ते हजारांत असतात. पण ते दोनशे शब्द सोडू नका म्हणावं. मतपत्रिकेच्या तळाशी आलेल्या नावांपैकी आपल्याला एकही माहीत नाही, असं झालं की माणूस ती पुस्तिकाच उघडतो. नावाखाली व्यवसाय लिहितात, त्यावर तर लढाया होतात. पूर्वी सरकारी वकील तिथं खुनाच्या खटल्यांचे भडक शब्द लावत. २०१७ च्या कायद्यापासून सरकारी नोकरीतल्या वकिलाला आपला अधिकृत हुद्दा किंवा नुसतं ‘अटर्नी’ लिहावं लागतं.

आणि मंडळ. इथं मला तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचंय.

गणेशोत्सवात आरतीनंतर एक ओळखीचे गृहस्थ माझ्याजवळ आले. हातातल्या द्रोणात मोदक होता. शंभर डॉलरचा चेक माझ्या हातात देत म्हणाले, “आता आपला माणूस कोर्टात बसणार, म्हणजे मुलाच्या त्या तिकिटाचं काहीतरी होईल.” मुलानं हायवेवर वेगमर्यादा मोडली होती, त्याबद्दल पोलिसांनी दिलेली चिठ्ठी म्हणजे ते तिकीट. मी चेक तिथंच परत केला. ते रागावले नाहीत, फक्त गोंधळले. घरी येऊन मी रडले, कारण ते वाईट गृहस्थ नव्हते. आपल्या माणसाकडे आपण जातो तसे ते आले होते.

म्हणून शब्द टाकाच, पण काय बोलायचं ते पक्कं ठरवून. “माझ्या मुलीला कोर्टात बघा, तिची वकिली बघा, पटलं तर मत द्या,” एवढंच. “आपली मराठी मुलगी आहे,” इथं थांबू नका. शंभर डॉलर किंवा जास्त देणाऱ्याचं नाव, काम, मालक सगळं जाहीर होतं. आणि पक्षकारानं किंवा वकिलानं सहा वर्षांत दीड हजारांहून जास्त दिले असतील, तर त्याचा खटला तिला चालवता येत नाही.

लोक तिला विचारतील, “दुकानं लुटणाऱ्यांना आत टाकणार ना?” शनिवारच्या बाजारात पीचची पिशवी सांभाळत एका आजींनी मला हेच विचारलं. पुढे समोर येऊ शकेल अशा खटल्याबद्दल वचन द्यायची उमेदवाराला मनाई आहे. “कायदा आणि पुरावा बघून ठरवीन,” म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. तो पडू द्यायचा. याच सांता क्लारात एका बलात्कार प्रकरणातल्या सौम्य शिक्षेवरून जून २०१८ मध्ये मतदारांनी न्यायाधीश अ‍ॅरन पर्स्की यांना मुदतीआधी खाली उतरवलं. १९३२ नंतर कॅलिफोर्नियात असं पहिल्यांदाच घडलं. ती शिक्षा मला स्वतःला अन्यायाची वाटली होती, तरी मतदान करताना हात थांबला होता. पुढच्या गर्दीला घाबरून कुणी एखाद्या गरीब पोराला जास्त शिक्षा देऊ नये, एवढंच मनात येत होतं. तुमची मुलगी अशाच पोरांच्या शेजारी बारा वर्षं उभी राहिली आहे. मला वाटतं तिनं लढावं.

ह्यांना मात्र वाद घालून पटवू नका. सॅन होजेत हेडिंग स्ट्रीटवर हॉल ऑफ जस्टिस आहे, कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. मुलीची तारीख असेल त्या सकाळी दोघं जाऊन मागच्या बाकावर बसा. दारात सामान तपासतात, तेव्हा अडकित्ता घरी ठेवा. फोन बंद करा. शिरस्तेदारांच्या मुलाला तिथलं कामकाज कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.