उत्तर: कार्ड हरवलं म्हणून गोवरची लस नाकारली, आता काय करू?

ताई, तुमची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. नांदेडहून पुण्याला आलात, सामान हलवताना कार्ड गहाळ झालं, पोरगा सव्वा वर्षाचा आणि दवाखान्यात सांगतात 'तुम्ही आमच्या हद्दीतले नाही, तिकडूनच घेऊन या'. हे सगळं आमच्याकडे होऊन गेलंय म्हणून लांबण लावतेय. मी डॉक्टर नाही, कुठला डोस राहिलाय ते बालरोगवाल्यांकडूनच ठरवून घ्या.

पहिलं म्हणजे कार्डासाठी थांबू नका. हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गावकीचा नाही, मूल समोर आहे आणि डोस राहिलाय एवढं पुरे असायला हवं. बाळाची नोंद यू-विनवर (सरकारची लसीकरणाची ऑनलाइन नोंदवही) झाली असेल तर तेव्हा दिलेल्या मोबाईल नंबरवरून निघते, नसेल तर गावच्या आशाताईला फोन करून रजिस्टरच्या पानाचा फोटो मागवा. आणि कोणी म्हणालं सगळं परत पहिल्यापासून द्यावं लागेल तर दुसरीकडे विचारा, राहिलेल्या डोसपासून पुढे चालू करतात. गोवर-रुबेलाचा डोस चुकून जास्तीचा गेला तरी अपाय नसतो, राहून गेला तर मात्र महागात पडतं.

आमचं सांगते. २०२२ साली आम्ही मुंबईच्या उपनगरात आलो, मुलीचा नऊ महिन्यांचा डोस बाकी होता. आमची चाळ नेमकी दोन दवाखान्यांच्या हद्दीवर, त्यामुळे हे म्हणायचे तिकडे जा आणि ते म्हणायचे इकडे या, नुसती टोलवाटोलवी. शेवटी एकाने नाव घेतलं (कुठला ते लिहीत नाही) तर तिथे दुसरंच, 'आज दोनच मुलं आलीत, बाटली फोडता येणार नाही, पुढच्या आठवड्यात या'. पुढच्या आठवड्यात सुट्टी. यामागचं कारण मला नंतर कळलं, गोवरची लस पावडर असते, पाणी घालून तयार केली की चार तासांत वापरायची नाहीतर टाकून द्यायची, आणि एका बाटलीत बऱ्याच मुलांचे डोस असतात. सिस्टरला वाया गेलेल्या डोसचा हिशोब द्यावा लागतो, ती बिचारी तरी काय करणार. पण माझं स्पष्ट मत आहे, चार डोस फेकावे लागले तर फेका, दारात आलेलं मूल परत पाठवू नका. परत पाठवलेल्या मुलाचा हिशोब कोण मागतं?

मग त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीकडून गोवर पसरला, पेपरात वाचलं असेल. आमच्या चाळीतही आला. मुलीला ताप, अंगभर पुरळ, शेजारच्या आजी म्हणे देवी आलीय, कडुलिंबाचा पाला ठेवा. पाला ठेवला, पण श्वास जोरात चालायला लागल्यावर मात्र उचलून हॉस्पिटलला नेलं, न्यूमोनिया झाला होता. तिथे व्हिटॅमिन ए पण दिलं, गोवरात ते देतातच. पोरगी बरी झाली.

आणि खरा संताप पुढे आहे. साथीनंतर टीम घरोघरी फिरायला लागली, बॅनर, रिक्षावर भोंगा, सगळं. आमच्या दारात येऊन विचारलं लस का दिली नाही, मी सगळी कहाणी सांगितली, त्या बाईंनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं 'पालकांचा नकार'. मी डोळ्यांनी वाचलं! परत पाठवणारे तुम्ही आणि नकार आमचा? वर टीव्हीवर चर्चा, लोकांमध्ये जागृती नाही म्हणून. असतील काही घाबरणारे, नाही म्हणत नाही, पण आमच्या चाळीतल्या कितीतरी आया बाळ कडेवर घेऊन रांगेत उभं राहून परत आल्या होत्या, त्या सगळ्या कुठल्या रकान्यात गेल्या देव जाणे.

पोलिओचं बघा, एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर बूथ, कुणी पत्ता विचारला नाही, दोन थेंब पाजले, डाव्या करंगळीला शाई लावली, पुढे चला. देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची. भोंगा तेव्हाही होताच की, पण भोंग्याच्या मागे लसही यायची.

असो, फार बोलले. तुमच्यासाठी: परत 'हद्दीत नाही' म्हणाले तर भांडू नका, शांतपणे म्हणा की हे कागदावर लिहून द्या. बहुतेक वेळा लगेच मेडिकल ऑफिसरला बोलावतात. त्याही उपर नाहीच जमलं तर सरळ खासगीत द्या, पैसे जातील पण वेळ जाणार नाही. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, दोन्हींत निदान चार आठवडे हवेत, तो सरकारीत घेता येईल. चुकलेल्यांना पाच वर्षांपर्यंत मिळते ही लस.

मोठी मुलगी पाचवीत आहे लिहिलंय, तिचं दहाव्या वर्षीचं धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन (टीडी) झालंय का बघा, शाळेत टीम येते त्या दिवशी पोरं नेमकी गैरहजर असतात. तिच्या वयात एचपीव्हीचे (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची लस) जास्तीत जास्त दोनच डोस लागतात, पंधरा पूर्ण झाल्यावर सुरू केलं तर साधारण तीन, तेही विचारून ठेवा.

आणि सासूबाईंना शुगर आहे तर फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी. मागच्या वर्षी घेतली होती म्हणून चालत नाही, विषाणू बदलतो तशी लस बदलते. न्यूमोनियाची वेगळी असते, ती दरवर्षी नाही. महाराष्ट्रात जोखमीच्या लोकांना फ्लूची लस सरकारी दवाखान्यात फुकट द्यायची योजना २०१५ पासून आहे, पण आधी फोन करून स्टॉक आहे का विचारा, म्हाताऱ्या माणसाला उन्हात हेलपाटे नकोत.