तालुका बदलला म्हणून गॅप होत नाही

प्रश्न : मॅडम, मी समाजकार्यात पीएचडी करतेय. विषय आहे ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांच्या आरोग्यविषयक समस्या : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ केज तालुका)’. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) ऊसतोडीचे प्रबंध सापडले, पण मला केजवरचा एकही दिसला नाही. तोच रिसर्च गॅप, म्हणजे आधीच्या संशोधनात राहून गेलेली जागा, म्हणून दाखवला. गृहीतक लिहिलं, ‘ऊसतोड महिलांना आरोग्याच्या अनेक समस्या असतात.’ समितीने सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत केला : ‘गॅप अस्पष्ट, गृहीतक तपासण्याजोगे नाही.’ गाइड म्हणतात, अजून वाचा. नेमकं काय वाचू?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : केजवर कोणी लिहिलं नसेल तर कदाचित धारूरवरही नसेल, वडवणीवरही नसेल. या हिशेबाने राज्यात जितके तालुके तितके प्रबंध निघतील. दुसरीकडे मिळालेलं उत्तर केजच्या बायकांना का लागू पडणार नाही, हे सांगता येत असेल तर केज हा गॅप. नाहीतर ते तुम्हाला सोयीचं ठिकाण आहे, आणि तसं सरळ लिहायला काहीच हरकत नाही. गृहीतक म्हणजे तपासून बघायचं विधान; तुमचं तर खोटं ठरूच शकत नाही. मग तपासायचं काय?

गॅप कसा दिसतो ते गडचिरोलीत बघा. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्त्रीरोगांची माहिती दवाखान्यात आलेल्या बायकांवरून काढली, तर दवाखान्याची पायरीच न चढलेली बाई त्यात येतेच कुठे? म्हणून त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं, तक्रार असो वा नसो. ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला आणि याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. विषय नवा नव्हता. कोणाला मोजायचं राहून जातं, ते त्यांनी हेरलं.

गृहीतकासाठी त्याच जिल्ह्यातला, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा १९९९चा निबंध काढा. गावातल्याच आरोग्यसेविकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर औषधोपचारसुद्धा केले, तर तीन वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी घटेल, असं त्यांचं गृहीतक होतं. ३९ गावांत हे काम केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी घट निघाली ६२ टक्के. सगळे ६२चं कौतुक करतात. मला तो २५चा आकडा जास्त आवडतो. घट १५ टक्के आली असती, तर ‘आमचं गृहीतक टिकलं नाही’ असं म्हणावं लागलं असतं. तेवढी जोखीम तुमच्या वाक्यात हवी.

आता वाचायचं काय? प्रत्येक प्रबंधाचा निष्कर्ष नंतर वाचा, आधी संशोधन पद्धतीचं प्रकरण उघडा. कोणाला विचारलं? हंगामात कोपीवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) जाऊन, की गावी परतल्यावर? नवरा, मुकादम (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) शेजारी होते का? बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे ‘किती’ याचं एक उत्तर आहे. ‘कशामुळे’ याची वाट तुम्हाला शोधता येईल.

एक धागा देते. कोयत्याने, म्हणजे तोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. मग असं लिहून बघा : ‘हंगामाच्या मध्यावर ज्या कोयत्यांची निम्म्याहून अधिक उचल फिटायची असते, त्यांतल्या स्त्रिया दुखणं सुरू झाल्यापासून डॉक्टरकडे जायला इतर स्त्रियांपेक्षा जास्त दिवस लावतात.’ हे खोटं ठरू शकतं. उचल मुकादमाच्या वहीत असते, दिवस मोजता येतात. फक्त आठवणीवर विसंबू नका, दवाखान्याची चिठ्ठी, मेडिकलची पावती मागा.

पण इथे एक गोम आहे, आणि समितीतलं कोणीतरी ती काढणारच. उचल बाकी आहे म्हणून बाई दुखणं अंगावर काढते, की मागच्या वर्षीच्या दुखण्याच्या खर्चापायीच उचल मोठी झाली? दोन्हींत आकडे सारखेच दिसतील. म्हणून उचल कधी घेतली, कशासाठी घेतली आणि दुखणं त्याआधीचं की नंतरचं, हे तीन प्रश्न प्रश्नावलीत हवेतच. वय, लहान मुलं आणि उसाच्या फडापासून दवाखान्याचं अंतर यांचाही हिशेब ठेवावा लागेल. मला विचाराल तर हा उलटसुलट संबंधच तुमचा खरा विषय होऊ शकतो. आधीच्या प्रबंधांत तो कोणी सोडवलाय का, ते मात्र तुम्हीच तपासायचं.

बायकांच्या तोंडून त्यांचा अनुभव समजून घ्यायचा असेल, तर गृहीतकाचा आग्रह सोडा आणि चांगले संशोधन-प्रश्न लिहा. फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणून पाच गृहीतकं भरायची आपल्याकडची सवय मला मुळीच पटत नाही. शीर्षकातलं ‘एक चिकित्सक अभ्यास’ही काढा, चिकित्सा नसलेल्या अभ्यासाला पीएचडी देतं कोण? आणि मुकादमाच्या गैरहजेरीत मुलाखती कशा घेणार, ते सिनॉप्सिसमध्ये आत्ताच लिहा. फडावर गेल्यावर बघू म्हणाल, तर पहिली परवानगी त्याच्याचकडे मागावी लागेल.