पोस्टर निर्मात्याचे, मुखपृष्ठ संपादकाचे

प्रश्न : माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. आमचा इचलकरंजीत यंत्रमागाचा छोटा व्यवसाय आहे. वर्षभरापासून मुलाला भयपटांच्या पोस्टरांचे वेड लागले आहे. ‘बारा पायऱ्यांची विहीर’ या स्वतःच कल्पिलेल्या चित्रपटाचे पोस्टर आणि त्याच चित्रपटावर अंक काढणाऱ्या एका काल्पनिक मासिकाचे मुखपृष्ठ त्याने तयार केले आहे. दोन्ही सोबत जोडली आहेत. त्याला उपयोजित कलेकडे, म्हणजे जाहिरात, मुखपृष्ठ, वेष्टन अशा कामांच्या चित्रकलेकडे, जायचे आहे. भुताखेतांची चित्रे काढून पोट भरते का? सॉफ्टवेअरच्या तीन महिन्यांच्या क्लासला आत्ताच पैसे भरावेत का? – एक पालक, इचलकरंजी

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नांची उत्तरे मुलाच्या कामातच बरीचशी सापडतात, म्हणून आधी त्या कामाविषयी लिहितो.

पोस्टरवर पौर्णिमेचा चंद्र आहे, वटवाघळे आहेत, पडका वाडा, पांढऱ्या साडीतील स्त्री, रक्ताळलेला पंजा आणि कोपऱ्यात कवटीही आहे. यातील एकही गोष्ट चुकीची नाही. रस्त्याने जाणाऱ्या किंवा मोबाइलवर बोट सरकवणाऱ्या माणसाला हा भयपट आहे, प्रेमकथा नव्हे, हे क्षणात कळावे लागते आणि त्यासाठीच चित्रप्रकाराचे रूढ संकेत असतात. काळी पार्श्वभूमी, एकाच बाजूने येणारा प्रकाश, एखादाच भडक रंग, मोठ्या रिकाम्या जागेत एकटी लहान मानवाकृती, झिजलेली अक्षरे हे संकेत त्याने नीट टिपले आहेत. परंतु ओळख पटवायला दोन संकेत पुरतात. सहा एकत्र आले की पाहणारा घाबरत नाही, तो मोजदाद करू लागतो.

भीती दाखवलेल्या वस्तूपेक्षा राखून ठेवलेल्या वस्तूतून येते. १९७३ च्या ‘द एक्सॉर्सिस्ट’च्या पोस्टरवर हातात बॅग घेतलेला एक माणूस रात्री घरासमोर दिव्याखाली उभा आहे आणि वरच्या खिडकीतून प्रकाशाचा झोत खाली येतो आहे; चित्रपटातील झपाटलेली मुलगी कुठेही नाही. १९७९ च्या ‘एलियन’च्या पोस्टरवर तडा गेलेले एक अंडे आणि त्यातून झिरपणारा हिरवट उजेड एवढेच आहे. याच्या नेमके उलट उदाहरण १९७५ च्या ‘जॉज’चे : चित्रपटात बराच वेळ लपवलेला शार्क पोस्टरवर मात्र प्रचंड जबड्यासह समोर येतो. तरीही तेथे पोहणाऱ्या स्त्रीला अजून काहीही कळलेले नाही, आणि घटना घडण्यापूर्वीचा तो क्षणच पोस्टरने पकडला आहे. आपल्या मुलाच्या पोस्टरवर सगळे घडून गेले आहे, त्यामुळे प्रेक्षकाला चित्रपटगृहात येण्याचे कारण उरत नाही.

मात्र खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत त्याने एक टॅगलाइन, म्हणजे चित्रपटाची ओळख करून देणारी ओळ, लिहिली आहे : ‘तेरावी पायरी कुणी बांधली नव्हती.’ ही ओळ त्याची स्वतःची असेल, तर त्याला अभिनंदन सांगावे. सगळे पोस्टर या ओळीत आहे. वरून उतरत जाणाऱ्या बारा कोरड्या पायऱ्या, खाली स्थिर पाणी, पाण्याखाली अंधूक दिसणारी आणखी एक पायरी आणि तिथून वर येणारे ओले ठसे. चंद्र, वाडा, कवटी, साडी यांना रजा द्यावी.

अक्षरांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण मराठी मुले येथेच हाती आलेली संधी घालवतात. त्याने रक्त ठिबकणारा तयार फॉन्ट वापरला आहे. तो इंग्रजी अक्षरांच्या नकलेवर बेतलेला दिसतो. इंग्रजी अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. विहिरीच्या चित्रपटाला याहून सोयीची लिपी कोणती मिळणार? शिरोरेषा म्हणजेच पाण्याची पातळी मानावी आणि अक्षरांचे देह तिच्याखाली बुडालेले, किंचित हललेले दाखवावेत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेले अक्षरलेखन त्याने शोधून पाहावे. शीर्षकाच्या वळणातच नाटकाचा स्वभाव कसा उतरतो, ते तेथे दिसते.

आता मुखपृष्ठ. येथे चूक अधिक मूलभूत आहे. त्याने पोस्टरचेच चित्र घेऊन वर मासिकाचे नाव टाकले आहे. चित्रपट एकच असला तरी या दोन कामांचे मालक वेगळे आहेत : पोस्टर निर्मात्यासाठी असते, मुखपृष्ठ संपादकासाठी. पोस्टरवर चित्रपटाचे नाव मोठे असते. मुखपृष्ठावर मासिकाचे नाव मोठे आणि चित्रपट हा त्या अंकातील एक विषय. पोस्टरवरील माणूस पाठमोरा असला तरी चालतो, किंबहुना शोभतो. मासिकाच्या मुखपृष्ठावर मात्र बहुधा चेहरा लागतो आणि त्याची नजर थेट वाचकाकडे असते, कारण स्टॉलसमोर उभ्या असलेल्या माणसाला थांबवण्याचे काम तिलाच करायचे असते. नायिकेचे डोके मासिकाच्या नावावर चढवून दोन अक्षरे झाकण्याची युक्ती त्याने केली आहे. ती ज्या मासिकाचे नाव घरोघरी ठाऊक आहे त्याला परवडते, कालच जन्मलेल्या काल्पनिक मासिकाला परवडत नाही.

शिवाय मुखपृष्ठावर किंमत नाही, महिना नाही, बारकोडची जागा नाही, आतील इतर लेखांची एकही ओळ नाही. उलट कलाकार-तंत्रज्ञांच्या नावांची ती दाट, उभट अक्षरांतील पट्टी मात्र आहे, जिची जागा पोस्टरच्या तळाशी असते. मी सुचवेन की इंग्रजी सिनेमासिकाची नक्कल सोडून त्याने हाच विषय दिवाळी अंकासाठी करावा. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांसारख्या अंकांनी रहस्य-गूढकथांचा वाचक घडवला आहे. दिवाळी अंक घरात आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या हाती जातो, म्हणून तेथे रक्ताचा सडा चालत नाही. पणतीच्या उजेडात अर्धाच दिसणारा, आपल्याकडे पाहणारा चेहरा मात्र चालतो. त्याच चित्रपटाचे, त्याच रंगांचे, तरीही वेगळ्या मालकाचे काम कसे दिसते, हे त्यातून त्याला उमगेल.

एक तांत्रिक सूचना अनुभवातून देतो. उमेदवारीच्या काळात मी केलेले पहिले गडद मुखपृष्ठ छापून आले, तेव्हा डांबरासारखे सपाट काळे होते. पडद्यावर दिसणारी जिन्याची सावली छपाईत पूर्ण बुडाली होती. पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. भयपटाचे काम करणाऱ्याने चार रंगांच्या छपाईचा नमुना काढून पाहिल्याशिवाय काळ्या रंगावर विश्वास ठेवू नये, आणि कापणीसाठी चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जादा चित्र सोडावे.

पोट भरण्याविषयी. केवळ भुतांवर कोणाचेही घर चालत नाही, हे मान्य. परंतु जो एका चित्रप्रकाराचे संकेत ओळखून ते मालकानुसार बदलू शकतो, त्याला विनोदी नाटकाची जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ, ओटीटीवरील मालिकेचे छोटे चित्र किंवा साबणाचे वेष्टनही करता येते, आणि उपयोजित कलेतील नोकऱ्या याच कामांच्या आहेत. म्हणून त्याच्या पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहात, भयपटाची दोन-तीन कामे असावीत आणि बाकीची अन्य विषयांची. प्रत्येक कामाबरोबर पेन्सिलीची कच्ची रेखाटनेही ठेवावीत. सध्याच्या पोस्टरवरील स्त्रीचा चेहरा एका प्रसिद्ध अभिनेत्रीचा, इंटरनेटवरून उचललेला दिसतो. तो काढून टाकावा आणि घरातील कोणाची तरी संमती घेऊन स्वतः छायाचित्र काढावे. हा व्यवसाय आपल्या भागाला परकाही नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सचित्र पोस्टरांपैकी मानले जाते.

प्रवेशासाठी मुख्य वाटा दोन आहेत. राज्यातील चार वर्षांच्या बी.एफ.ए. या चित्रकलेच्या पदवी अभ्यासक्रमासाठी राज्य सीईटी कक्षाची चित्रकलेची प्रवेश परीक्षा असते; तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांवर भर असतो. मुंबईच्या जे.जे. या कला महाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे तेथील नियम स्वतंत्रपणे पाहावेत. दुसरी वाट डिझाइनची : आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही प्रवेश परीक्षा आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट ही प्रवेश परीक्षा. बारावी विज्ञान असल्याने यांपैकी काहीही अडत नाही. मात्र बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास सोडू नये.

यावरून क्लासचे उत्तरही मिळते. या परीक्षांत चित्र हातानेच काढावे लागते. तेथे फोटोशॉप नसते आणि संगणकाकडून आयते चित्र करून घेण्याची सोयही नसते. तेव्हा आत्ता ते पैसे भरू नयेत. क्रिटा आणि इंकस्केप ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. सरावाला ती पुरतात. उरलेल्या पैशांतून चांगले कागद, पेन्सिली आणि स्थानिक प्रेसमध्ये चार रंगीत नमुने काढण्याचा खर्च भागवावा.

पुढील पत्रासोबत पोस्टर आणि मुखपृष्ठ दोन्ही पुन्हा पाठवावीत. एकदा पूर्ण आकारात आणि एकदा अंगठ्याच्या नखाएवढी छापून, म्हणजे मोबाइलवर काय उरते ते कळेल. पायऱ्यांची रेखाटने खऱ्या विहिरीवर बसून करावीत. सकाळी लवकर जावे, तेव्हा ऊन तिरपे असते आणि प्रत्येक पायरीची सावली स्पष्ट पडते. बरोबर आपण स्वतः असावे, कारण शेवाळलेल्या पायऱ्यांवर चित्राकडे लक्ष असलेला मुलगा पायाखाली पाहत नाही.